सांधा आधी बघा, फूल नंतर

नर्सरीत गुलाब घ्यायला गेलेली माणसं आधी फुलावर जातात. सगळ्यात मोठं फूल उमललेलं रोप उचललं, गाडीत ठेवलं, झालं. मी हल्ली फुलाकडे बघतच नाही, सरळ उकिडवी बसते आणि पिशवीतल्या मातीच्या जरा वर खोडावर जी गाठ असते ना ती बघते. तिथे काळं पडलंय का, साल फाटलीये का, बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अजून आवळून बसलीये का, गाठीच्या खालून काही फुटलंय का. सोलापूर रोडच्या नर्सरीतले मामा हसतात, म्हणतात ताई तुम्ही बाजारात गाय घ्यायला आल्यासारखं बघता. हसू देत. गुलाब जगणार की मरणार ते बरंचसं त्या गाठीवर ठरतं, आणि हे मला पुस्तक वाचून नाही तर स्वतः डोळे भरायला, म्हणजे एका झाडाचा अंकुर काढून दुसऱ्याच्या सालीत बसवायला लागल्यावर कळलं.

डोळे भरायची वेळ आली ती शेजारच्या आजींमुळे. आमच्या सहकारनगरात जुने बंगले एकेक करून रिडेव्हलपमेंटला जातायत, तसा आजींचाही गेला. कंपाउंडच्या भिंतीला लागून त्यांचा एक जुना गुलाब होता, खोड मनगटाएवढं जाड आणि मुळं थेट फरशीखाली गेलेली. आजी त्याला नुसतं दुरंगी म्हणायच्या. आजोबा होते तेव्हा बागेत बरेच गुलाब होते, डॉ. बी. पी. पाल यांच्या जाती खास शोधून आणलेल्या, 'दिल्ली प्रिन्सेस', 'डॉ. होमी भाभा' (हे पाल म्हणजे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, गुलाब हा त्यांचा छंद, आणि छंदातून इतक्या जाती काढल्या म्हणजे बघा), ती सगळी झाडं गेली आणि शेवटी उरला हा एक. नाव आजींना माहीत नव्हतं पण फूल बघितल्यावर शंका राहत नाही, तो 'डबल डिलाइट' आहे, १९७७ साली अमेरिकेत आलेला. कळी सायीच्या रंगाची, आणि उमलताना ज्या पाकळ्यांना ऊन लागतं त्यांच्या कडा लाल होत जातात, त्यामुळे एकाच झाडावरची दोन फुलं कधी सारखी नसतात. आणि वास! गुलाबजलाचा नाही, जरा मसाल्याकडे झुकणारा.

बिल्डरने जागा रिकामी करायची तारीख दिली तशी आजींनी मला हाक मारली, अगं हे उपटून नेता येईल का तुझ्या गच्चीवर. उपटता आलं नसतं. फरशी फोडून मुळं काढायची म्हटली तरी अर्धी तुटली असती आणि इतकं जुनं झाड त्या धक्क्यातून उठेल याची खात्री कोणी दिली नसती. मग सगळ्यांनी एकच सांगितलं, फांदी लाव. ते बटाट्यात काडी खोचायचे व्हिडिओ तर इतक्या जणांनी पाठवले की मी शेवटी ग्रुप म्यूट केला. ओल्या मातीत बटाटा आधी सडतो आणि सडताना काडीला पण घेऊन जातो, त्यात काही जादू नाही. कोरफडीचा गर, मध, दालचिनी यातलं काही लावलं तरी खरा मुद्दा वेगळाच आहे. या मोठ्या फुलांच्या हायब्रीड टी गुलाबांची काडी मुळं धरतेही कधीकधी, पण बऱ्याच जातींची स्वतःची मुळं अशक्त असतात, झाड वर्षभर कसंबसं जगतं आणि मग एखाद्या पावसाळ्यात बसतं. म्हणून तर नर्सरीत मुळं एकाची आणि वरचं झाड दुसऱ्याचं असतं, खाली रानगुलाबाचा खुंट आणि त्याच्या सालीत भरलेला चांगल्या जातीचा एक डोळा. ती गाठ म्हणजे या दोघांचा सांधा.

खुंट माझ्याकडे आधीपासूनच होता, तोही फुकटचा. गच्चीवर एका कुंडीत पूर्वी नारिंगी गुलाब होता, वरचं कलम वाळून गेलं आणि खालून रानटी फूट आली, हिरवीगार, लांबच लांब. येणारा जाणारा म्हणायचा काय जोरात वाढलाय गुलाब, पण फूल म्हणून येत नव्हतं. अशी कुंडी खूप घरांत असते आणि लोक बिचारे तिला खतं घालत बसतात. ओळखायला पाच पानं म्हणजे कलमी आणि सात पानं म्हणजे रानटी असं सांगतात, ते ढोबळमानाने ठीक आहे पण त्यावर विसंबून कात्री चालवू नका, काही चांगल्या जातींनाही एका देठावर सात पानं येतात. खरी खूण एकच, फूट सांध्याच्या वरून निघालीये का खालून. खालून असेल तर ती रानटीच, मग माती उकरून जिथून निघालीये तिथूनच ओढून काढायची, वरवर कापली तर दुप्पट जोमाने येते.

तर जुलैमध्ये त्या रानटी झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या कापल्या, वीतभर लांबीच्या, आणि वाळू आणि कोकोपीटमध्ये खोचल्या. खोचायच्या आधी काडीचा जो भाग मातीखाली जाणार त्यावरचे सगळे डोळे चाकूने काढून टाकायचे. हे मामांनी सांगितलं होतं आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, कारण तेच डोळे पुढे जमिनीखालून फुटतात आणि सात जन्म पिच्छा सोडत नाहीत. रानगुलाब पावसाळ्यात पटकन मुळं धरतो, दिवाळीपर्यंत काड्या कुंड्यांत लावून झाल्या होत्या.

डोळे भरायचे थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी. मी जानेवारीत मामांकडे जाऊन बसले. उरुळी कांचनच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्यांची रांग आहे, तिथल्या एकात हे मामा. खुंटांच्या ओळीत बसून पुढे सरकत सरकत डोळे भरत होते आणि तोंडाने शेजारच्याशी उसाच्या बिलाबद्दल बोलत होते, हाताकडे लक्षसुद्धा नाही. मी व्हिडिओ काढायला लागले तर म्हणाले व्हिडिओ नको ताई, हात घाला. एका खुंटावर माझ्याकडून साल उचलून घेतली आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की साल सुटणं म्हणजे काय. खुंटात रस चढलेला असला की साल आपसूक उचलली जाते, खाली ओलसर, गुळगुळीत लाकूड दिसतं. रस नसेल तर साल चिकटून बसते, तुकडे पडतात, मग त्या दिवशी चाकू ठेवून द्यायचा आणि खुंटाला पाणी द्यायचं. मी घरी आल्यावर खुंटांना दोन दिवस आधीपासून भरपूर पाणी दिलं.

आता आजींच्या झाडावरची डोळकाडी, म्हणजे जिच्यावरचे डोळे काढायचे ती फांदी. ती कुठलीही फांदी चालत नाही. ज्या फांदीचं फूल नुकतंच गळून गेलंय ती घ्यायची, आणि तयार आहे का ते बघायला काटा अंगठ्याने बाजूला दाबायचा, टचकन मोडला आणि खाली हिरवी ओली खूण राहिली तर काडी तयार. कोवळ्या फांदीचा काटा वाकतो, जुन्या फांदीचा सालपट घेऊन येतो. पानं कापून टाकायची पण देठाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेवायचा, एक तर तो धरायला उपयोगी पडतो आणि पुढे आणखी एका कामाला येतो ते सांगते. आजी स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि ही नको ती घे, तिला फूल मोठं येतं अशा सूचना चालू होत्या. फांदीच्या टोकाकडचे डोळे फुगीर आणि घाईतले असतात, अगदी बुडाचे झोपलेले, मधले घ्यायचे. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून लगेच गच्चीवर.

खुंटाला पुसून घेतलं, मातीचा कण राहायला नको. मातीपासून दोन-तीन इंचावर इंग्रजी टी सारखा काप, आडवा अर्धा इंच, उभा एक इंच, फक्त सालीपुरता, लाकडात चाकू जाता कामा नये. मग डोळा. डोळ्याच्या अर्धा इंच खालून चाकू घालायचा आणि डोळ्याखालून वर काढायचा, ढालीसारखा एक पापुद्रा हातात येतो, त्याच्या आतल्या बाजूला लाकडाची चकती चिकटलेली असते ती नखाने अलगद काढायची. इथे जीव मुठीत. चकतीबरोबर डोळ्याचा गाभा निघून आला तर मागे एक छोटं भोक दिसतं, तो डोळा गेला, टाकून द्यायचा. माझे असे बरेच गेले. चांगला निघाला की देठाला धरून टीच्या कापात वरून खाली सरकवायचा, वर उरलेलं टोक आडव्या कापाला लागून छाटायचं आणि पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर गुंडाळत यायचं, डोळा उघडा ठेवून. डोळा काढल्यापासून बांधेपर्यंत मामांना अर्धा मिनिट लागतो. मला लागत होता तितक्या वेळात चहा गार झाला असता, आणि वेळ लागला की कापलेली बाजू सुकते, म्हणून आधी खुंटावर काप घेऊन ठेवायचा आणि मगच डोळा काढायचा.

नंतर काही करायचं नसतं. हे काही न करणं मला सगळ्यात जड गेलं. रोज सकाळी जाऊन डोळे वटारून बघायचं, हात लावायचा नाही, डोळ्यावर पाणी पडू द्यायचं नाही, कुंडीत मात्र ओल कायम. दोन-तीन आठवड्यांनी त्या देठाच्या तुकड्याची परीक्षा. बोटाने नुसता टेकवायचा. डोळा जिवंत असेल तर देठ पिवळा पडून टपकन गळतो, झाड स्वतःच त्याला सोडून देतं. डोळा मेला असेल तर देठ काळा पडून तिथेच चिकटून वाळतो. पहिला देठ टपकन पडला तेव्हा मी गच्चीवरून आजींना फोन केला, त्यांना वाटलं कोणी गेलं की काय, इतक्या सकाळी फोन कशाला. सगळे काही लागले नाहीत, पण जे लागले ते पुरेसे होते.

डोळा फुगायला लागला की पट्टी मागच्या बाजूने कापून काढायची आणि खुंटाचा वरचा भाग छाटायचा. तो एकदम सगळा उडवत नाहीत, आधी अर्धा, आणि डोळ्याची फूट बोटभर झाली की सांध्याच्या जरा वर तिरका काप देऊन बाकीचा. खुंटावरची बाकीची फूट मात्र रोजच्या रोज खुडायची, नाहीतर सगळं जेवण तिकडे जातं. आणि काठी रोवा. ही नवीन फूट पहिले काही महिने सांध्यातून सहज निखळते, मार्चच्या शेवटी वळवाआधी सुटतो तसा वारा आला आणि एक फूट अख्खी सांध्यातून उडाली, काठी न लावलेली तीच होती. पहिली कळी आली की ती खुडायची, म्हणजे खालून दोन-तीन फांद्या फुटतात. आजींना हे अजिबात पटलं नाही. इतकं करून आलेली कळी तोडायची? त्यांच्या वाट्याच्या रोपावरची कळी मी त्या चहा करायला आत गेल्यावर खुडली.

कुंडी बदलताना पुन्हा सांधाच बघायचा. तो मातीच्या वर राहायला हवा, दोन इंच तरी. युरोप-अमेरिकेच्या थंड भागातले लोक सांधा मातीत पुरायला सांगतात कारण त्यांना तो बर्फापासून वाचवायचा असतो, आपल्याकडे पुण्यात काय गोठणार आहे, आपल्याकडे मातीत गाडला तर पावसाळाभर ओला राहून कुजतो. इंटरनेटवरचा सल्ला कुठल्या गावातून आलाय ते बघून घ्या एवढंच. माती म्हणून मी पोयटा, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट घेते, सोबत मूठभर निंबोळी पेंड आणि थोडं बोनमील, कुंडी बारा-चौदा इंची. काळी माती नुसती वापरू नका, पाणी धरून ठेवते. शेंगदाण्याची पेंड भिजवून ते पाणी पातळ करून घातलं की गुलाब खूश होतो पण सोसायटी होत नाही, तीन दिवस भिजलेल्या पेंडीच्या वासाने खालच्या मजल्यावरून विचारणा आली होती, आता एकाच रात्री भिजवते.

उन्हाळ्यात लाल कोळी. पान वरून धुळकट, निस्तेज दिसतं, उलटं केलं तर बारीक जाळी आणि त्यात हलणारे टाचणीच्या टोकापेक्षाही छोटे ठिपके. पानांच्या खालच्या बाजूने पाइपाने जोरात पाणी मारायचं, दोन-तीन दिवसांनी परत, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. सकाळी मारायचं, पान रात्री ओलं राहायला नको. बोअरच्या पाण्यामुळे पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहायला लागल्या होत्या, ते लोह न मिळाल्याचं लक्षण, आणि जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की मातीत लोह असून झाडाला घेता येत नाही. चिलेटेड आयर्न फवारलं आणि पावसाचं पाणी पिंपात साठवायला लागले.

पावसाळा हा खरा शत्रू. पानावर काळे डाग, कडा झालरीसारख्या, भोवती पिवळं आणि मग पान गळतं. पान तासन् तास ओलं राहिलं की ही बुरशी शिरते, म्हणून कुंड्या दाटीने ठेवायच्या नाहीत आणि गळलेली पानं त्याच कुंडीत खत म्हणून ठेवायची नाहीत, तिथूनच पुन्हा चढते. औषध मारते मी, लपवत नाही, कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबचं तयार मिश्रण, लिटरला दोन ग्रॅम, तोंडाला रुमाल आणि हातात मोजे. आमच्याकडे एक काका आहेत ते फक्त ताकच फवारतात. त्यांचे गुलाब ऑगस्टमध्ये नुसत्या काड्या असतात पण ते म्हणतात काड्या निरोगी आहेत.

ऑक्टोबरात पाऊस थांबला की छाटणी. नवीन कलमावर हलकी करायची, मेलेलं, वाकडं, आत घुसणारं तेवढंच काढायचं. बाहेरच्या दिशेला बघणारा डोळा निवडून त्याच्या जरासं वर तिरका काप. कापावर लगेच बोर्डो पेस्ट, शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही. चांगली झालीये का बघायला लोखंडी सुरी बुडवायची, सुरीवर तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय. ही पेस्ट लावली नाही तर काप काळा पडतो आणि तो काळेपणा फांदीतून खाली उतरत जातो. उतरता उतरता सांध्यापर्यंत आला की खेळ खलास, माझा नारिंगी गुलाब असाच गेला होता.

छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने, डिसेंबरात फुलं आली. थंडीबरोबर भुरी ही दुसरी बुरशी पण आली, 'डबल डिलाइट'ला ती जास्तच लागते, कोवळ्या पानांवर पिठी फिरवल्यासारखी. भुरीला पान ओलं असायची गरज नसते, उलट रात्री गार आणि दिवसा कोरडं असलं की तिचं फावतं, त्यामुळे पावसाळ्यातलं शहाणपण इथे चालत नाही. पाण्यात मिसळणारं गंधक फवारलं, उन्हं कडक नसताना.

आजी तोवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या बाल्कनीत एक रोप दिलं होतं. पहिलं फूल आल्यावर फोन, अगं हे माझं नाहीच, पांढरंच आलंय, मामांनी दुसरंच काहीतरी दिलंय तुला. मी सांगितलं आजी, डोळे तुमच्यासमोर काढले, मामांचा काय संबंध. बाल्कनीला जेमतेम तासभर ऊन, लाल रंग चढणार कुठून. त्यांना पटेना. शेवटी वॉचमनला सांगून कुंडी बिल्डिंगच्या गच्चीवर चढवली आणि पुढची कळी तिथे उमलली तेव्हा कडा लाल. मग म्हणाल्या हां, आता हा आपला.

यंदा जुलैत पुन्हा काड्या लावल्यात, खालचे डोळे काढून. मागण्या आधीच आल्यात. एकीला 'ग्लॅडिएटर' हवाय, तो हाराच्या गुलाबातला जुना आणि चिवट, त्याची डोळकाडी मामांकडून मिळेल. नणंदेला पिवळा हवाय. आणि एका भाच्याला निळा गुलाब हवाय. निळा नसतो रे, जपानी लोकांनी जनुकं बदलून केलाय तोही जांभळटच आहे, असं सांगितलं तर त्याने मला ऑनलाइन मिळणाऱ्या निळ्या गुलाबाच्या बियांची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, आत्या, चार चार रिव्ह्यू आहेत.